आत किती, बाहेर किती?

पहिल्याच लढाईत हनीफभाईंनी शत्रूला बरं केलं.

तासभर फासे टाकून आम्ही आडवा केलेला राक्षस तो. हनीफभाईंनी आपली पाळी येताच त्याच्या तोंडात औषध ओतलं. तो उठला आणि माझ्या दंडाला चावला.

"अहो, तो त्यांच्याकडचा!" भाऊसाहेब ओरडले.

"पडलेला हाय ना? पडलेल्याला पक्ष नसतो."

रविवारी दुपारी आम्ही खालापुरात शुभांगीच्या झेरॉक्सच्या दुकानामागे हा खेळ खेळतो. ती गोष्ट सांगते, आम्ही कागदावरची माणसं होऊन तिच्यात शिरतो, आणि जगलो की मेलो ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. भाऊसाहेब सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या सरदाराला सात पदव्या आहेत आणि त्या वाचून होईपर्यंत शत्रू दोनदा वार करून जातो. मी साधा भालाईत. हनीफभाई वैद्य. एकेकाळी ते रसायनीच्या एका कारखान्यात, जो आता बंद आहे, प्रथमोपचाराची खोली सांभाळत.

त्यांची खुर्ची कायम दाराकडे तोंड करून. लढाई लागली की आधी प्रश्न, "आत किती, बाहेर किती?" मग पेन्सिलीने डोकी मोजणार. पाळीला एकच काम करता येतं. मात्र प्रत्येकाला लढाईत एकदा जादा चाल मिळते. आम्ही ती पहिल्या पाच मिनिटांत उडवतो. हनीफभाईंनी वर्षभरात एकदाही वापरली नव्हती.

"राहू दे हाताशी," ते म्हणत.

"वर घेऊन जाणार आहात का ती?" भाऊसाहेब विचारत.

गेल्या रविवारी शुभांगीने आम्हाला बोगद्यात घातलं. घाटात ठाकुरवाडीच्या अलीकडे रेल्वेचे आहेत तसला, पण दुसरं तोंड नसलेला. आवाज खाली आणून ती म्हणाली, "समोरून धुकं येतंय. पिवळट. जमिनीलगत. आवाज अजिबात नाही."

ते धुकं म्हणजे आत दडलेल्या राक्षसाचा श्वास. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी मी पाय खुर्चीवर घेतले. हनीफभाईंची पेन्सिल थांबली होती.

फासा माझ्यावर उलटला, मी पडलो. मागे आमचं सामान वाहणारा हमालही पडला. हनीफभाईंची पाळी संपेपर्यंत जो आत राहील तो मेला, असं शुभांगीने जाहीर केलं.

त्यांनी मला बाहेर ओढलं. पाळीचं काम झालं. उरली जादा चाल.

"आता मारा!" भाऊसाहेब उभे राहिले. "एका घावात मरतोय राक्षस! नाहीतर पुढच्या पाळीला आपण सगळे आडवे होऊ!"

"आत किती?" हनीफभाईंनी विचारलं.

"हनीफभाई, तो नुसता हमाल हाय," शुभांगी म्हणाली. "आत्ता बनवलाय मी. त्याला नावपण नाय."

"मंग ठेव गं नाव. मी जातोय परत आत."

"दहाच्या वर पडायला हवेत."

फासा त्यांनी मुठीत इतका वेळ धरला, की भाऊसाहेबही बसले. टाकला तो कपाटाखाली गेला. मी वाकून पाहिलं.

"बारा," मी म्हणालो.

हनीफभाईंनी डोळे मिटले. मग कुणी न विचारता बोलले, "कारखान्यात गॅस सुटला त्या दिवशी आत दोघं पडलेले. एकाला आणलं. परत निघालो तर सायबांनी दार लावून घेतलं. बोलले, एकच खेप बस. मी पण थांबलो. मला काय धरून नव्हतं ठेवलं कुणी."

बाहेर एसटी मागे घेत होते. कंडक्टरची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. भाऊसाहेबांनी सात पदव्यांचा कागद उलटा करून ठेवला. राक्षस अजून जिवंत होता. पाळी त्याची होती. कोणी आठवण करून दिली नाही.

"आत किती?" हनीफभाईंनी विचारलं.

"कोणी नाय," शुभांगी म्हणाली. "सगळे बाहेर."

"पुन्हा एकदा बघ गं."

तिने नकाशा जवळ ओढला आणि बोगद्याच्या तोंडापासून बोट फिरवत आत बघत निघाली.