गावाचा वाकर

सुखदेवकाका आजाऱ्याच्या घरी गेले की तब्येत विचारत नाहीत, वस्तू विचारतात. "वाकर बरा हाय न?" धरून चालायच्या वॉकरला ते वाकर म्हणतात. वाकून चालायचं म्हणून वाकर, असं त्यांचं शास्त्र आहे. वाशीमकडच्या मालेगावजवळचं आमचं अख्खं गाव आता तेच म्हणतं.

मागे एकदा गावानं ठरवलं, गणपतीत डीजे नको, त्या वर्गणीतून आजाऱ्यांच्या कामाच्या वस्तू घ्यायच्या. मळ्यातल्या भाजीवाल्यांनीही भर घातली. समाजमंदिराच्या खोलीत चाकाची खुर्ची, वरखाली होणारा पलंग, वाकर असा संसार जमला. खोलीची किल्ली काकांच्या करदोट्याला. लागेल त्यानं फुकट न्यावं, बरं झाल्यावर परत करावं. अडचण एवढीच, की माणसानं कधी बरं व्हायचं ते काका ठरवतात.

माझी आई न्हाणीत घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि भीतीनं तिनं अंथरूणच धरलं. अशीच पडून राहिली तर कायमची पडेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही नवरा-बायको विनवण्या करून थकलो. मग काकांनी वाकर आणून खाटेला टेकवला आणि ते रोज चार वाजता हजर होऊ लागले. चहा प्यायचे, वाकरची रबरं तपासायचे आणि ऐकवायचे, "वहिनी, वस्तू गावाची हाय. पडूनच राह्याचं असन तर पलंग देतो. वाकर कायले अडवून ठेवला?"

याचा वाकर याच्याच डोक्यात घालते, म्हणत आई एक दिवस रागानं उठली. आधी ओसरीपर्यंत, मग अंगणात. दिवाळीनंतर मात्र ती तरातरा समाजमंदिरात गेली आणि वाकर परत करून आली. मी सोबत होतो.

खोलीच्या कोपऱ्यात एक कोरी काठी होती. तिच्यावर रंगानं 'कै. गोदाबाई' लिहिलेलं. गोदाकाकू, म्हणजे काकांची बायको, अंथरुणाला खिळल्या तेव्हा गावात यातलं काहीच नव्हतं. काकांनी वाशीमहून काठी आणली, पण काकू उठल्याच नाहीत. खोलीतली ही पहिली वस्तू, आणि तीच कधी कोणी नेली नव्हती.

"चला, सारं सामान घरी आलं. गावात कोणी आजारी नाही," काका कुलूप शोधत म्हणाले. गोष्ट आनंदाची, पण आवाज पडलेला. घरी त्यांची वाट बघणारं कोणी नाही. मला वाईट वाटलं, पण सुचलं काही नाही. सुचलं ते आईला.

"भाऊजी, मले ते काठी द्या."

"तुमाले कायले काठी? तुमी तर गावभर पयून राह्यल्या."

"द्या म्हणते न. अन् रोज तपासाले येत जा. वस्तू गावाची हाय."

आता आई दिवसभर घरात भिरभिरते. चार वाजता अंगणात चपला वाजल्या, की काठी शोधून लंगडत चहा ठेवायला जाते. घाईत कधीकधी भलत्याच पायानं लंगडते. काका ते बघतात, आणि मुकाट्यानं काठीचं रबर तपासतात.