‘नक्की’ न म्हणणारे शशिकांतराव

शशिकांतरावांना चहा घेणार का विचारलं, तर ते म्हणायचे, "शक्यता नाकारता येत नाही." म्हणजे घ्यायचेच, पण सरळ हो म्हणतील तर शपथ! टीव्हीवर वर्षानुवर्षं हवामान सांगितलं की माणसाच्या अंगात असं काहीतरी मुरत असावं. नगरजवळच्या कर्जतला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा आमच्या घरात वीज का गेली हे सांगतानाही ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि नकाशा दाखवावा तसा मागच्या कॅलेंडरवरून हात फिरवू लागले. आमच्या देव्हाऱ्याच्या जागी त्यांचं कोकण होतं.

पूर्वी ते असे नव्हते म्हणे. टीव्हीवर एकदा त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "उद्या नक्की कोरडं." दुसऱ्या दिवशी गारा पडल्या. त्यात खुद्द सासऱ्यांची लिंबाची बाग झोपली आणि त्या धक्क्यानं पुढे सासरेही गेले. तेव्हापासून शशिकांतरावांनी नोकरी सोडली आणि ‘नक्की’ हा शब्दही. हे मला त्यांच्या बायकोनं, मालनवहिनींनी सांगितलं. सांगताना त्या मला लिंबाचं लोणचं वाढत होत्या. नवऱ्याला त्यांनी कधी एका शब्दानं बोल लावला नव्हता.

मग शशिकांतरावांनी धंदा काढला. गच्चीवर पाऊस मोजायचं नळकांडं, वाऱ्याचं भिरभिरं आणि दारावर पाटी: ‘ढगवाणी’. शेतकऱ्यांनी वर्गणी भरायची, रोज सकाळी मोबाईलवर अंदाज यायचा. साहेब तेच, शिपाई तेच. शिव्यांचे फोन वहिनी घ्यायच्या. एकदा एक गिऱ्हाईक माझ्यासमोरच घरी येऊन बसलं.

"सायेब, कांदा काढू का ऱ्हाऊ दिऊ, येवढंच सांगा."

"तुरळक ठिकाणी सरींची शक्यता नाकारता येत नाही."

"तुरळक मंजी? माझ्याच वावरात का?"

"तीही शक्यता नाकारता येत नाही."

"मग वर्गणी कशाची घेता वो तुमी?"

त्याचंही बरोबर होतं. दिवाळीपर्यंत ढगवाणीला वहिनींचा भाऊ आणि मी असे दोघेच उरलो. त्यात मला शेतच नाही.

त्याच थंडीत वहिनींच्या पोटात गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात मी डबा घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टर दाराबाहेर शशिकांतरावांना सांगत होते, आता घरी न्या, आमच्या हातात काही राहिलं नाही.

"सुधारण्याची शक्यता?"

"नाही."

"निदान तुरळक?" त्यांनी विचारलं.

मला तिथं हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

आम्ही आत गेलो. वहिनींनी उशीवरून मान वळवली. "आवो, उन्हाळ्यात कुरडया घालायला असंल का मी?"

शशिकांतराव भिंतीला पाठ लावून उभे राहिले. सवयीनं हात वर गेला आणि तसाच खाली आला.

"नक्की," ते म्हणाले. "अगदी नक्की."

वहिनी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हळूच हसल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, मी नसंल तवा यांना चहा इचारत बसू नका. सरळ हातात द्या."

त्या उन्हाळ्यात शेजारच्या गच्चीवर कुरडया पडल्या नाहीत. मी रोज सकाळी कप घेऊन जातो. विचारत नाही, हातात देतो.