बाहेरून डुक्कर, आतून महाराज

बाळांनो, एका जंगलात सिंहाला शौचाला होईना. हसू नका. राजाचं पोट अडलं की सगळ्या राज्याला जोर लावावा लागतो.

अस्वल वैद्याने पोट दाबून पाहिलं. "भेकराचं शिंग अडकलंय. उभं चिरतो आणि काढतो."

"उभं?" महाराज खेकसले. "मग दरबारात काय टाके दाखवत बसू?"

तेवढ्यात परदेशी जाऊन आलेले डॉक्टर बगळे पुढे झाले. त्यांची रीत नवी होती. एवढंसं भोक पाडायचं, चोचीत काजवा धरून आत शिरायचं, शिंग अलगद ओढायचं. व्रण शोधूनही सापडायचा नाही.

महाराज खूश झाले. "किती जणांवर केलंत?"

"अजून कोणावरच नाही. आधी प्रयोग करावा लागेल. आतडी मात्र महाराजांसारखीच हवीत."

सगळा दरबार एक पाऊल मागे सरला. लोटण नावाचा रानडुक्कर दारापाशी कंद खाण्यात गुंग होता. तो पुढेच राहिला.

"हुबेहूब!" बगळे ओरडले.

"अहो डॉक्टर, कालच मला या दारातून हाकललं," लोटण म्हणाला. "म्हणे, राजवाड्यात डुकरं नकोत."

"ते बाहेरचं झालं," कोल्हा प्रधान म्हणाला. "आतून तू महाराजच आहेस. चल, आडवा हो."

लोटणचं पोट ठणठणीत होतं. म्हणून आधी त्याला शिंग गिळायला लावलं. मग भोक पाडून तेच बाहेर काढलं. याला शास्त्र म्हणतात.

तो शुद्धीवर आला तेव्हा बगळे विचारत होते, "कसं वाटतंय?"

लोटण विचारात पडला. वाईट म्हणावं, तर उद्या धाकट्या भावाला आडवं करतील. छान म्हणावं, तर महाराज बरे होतील. बरे झाले की त्यांना भूक लागेल. आणि भुकेल्या महाराजांना आधी कोण आठवतं, हे लोटणच्या खानदानाला चांगलं ठाऊक होतं.

"छान वाटतंय," तो म्हणाला. "फक्त मांसाचं नाव काढलं की पोटात ढवळतं. मुळा मात्र गोड लागतो."

बगळ्यांनी तोंडातला मासा गिळला आणि जाहीर केलं, "या शस्त्रक्रियेनंतर मांस वर्ज्य!"

महाराजांचं शिंग निघालं. बगळ्यांना पदक मिळालं. पंगतीत मुळे वाढले. महाराजांच्या शेजारी लोटणचं पान मांडलं, कारण आता त्याला पचेल तेच महाराजांना द्यायचं होतं.

एवढ्यात समोरून ससा गेला.

"डॉक्टर," महाराज कुजबुजले, "आमच्या तोंडाला पाणी सुटलं."

"अरेरे! लोटणला असं कधीच झालं नाही. रोग उलटला, महाराज. पुन्हा भोक पाडावं लागेल."

महाराजांनी घाईघाईने अख्खा मुळा तोंडात कोंबला.

"अजून एक घ्या, महाराज," लोटण प्रेमाने म्हणाला. "आपली आतडी एकच ना!"

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं. पण ज्यांनी आपलं पोट फोडूनच खरं शोधायचं ठरवलंय, त्यांना ते आयतं कशाला द्यायचं?