गच्चीवरचा कॅनडा

"मनोहरभाई, तुमचा कॅनडा आमच्या शेवयांवर येऊन पडला!"

शेजारच्या गच्चीवरून शकीला चाचींचा हा आवाज आला तेव्हा मी जिन्यात होते. गुपचूप खाली घरी परतावं असा विचार करत होते, तेवढ्यात वरून मनोहरकाका उतरले. "चल बेटा, तंबू गेला," ते म्हणाले. घरातलं कोणीतरी न सांगता गावाला निघून गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मनोहरकाका आमचे घरमालक. नांदेडला ते आणि काकू वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. काका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांचं टेबल खिडकी आणि पंखा यांच्या मधोमध होतं. नोकरीभर उडते कागद पकडून त्यांचं वाऱ्याशी जे वाकडं आलं, ते रिटायर झाल्यावरही सरळ झालं नाही. आमच्या घरात न बांधलेली वस्तू सापडणं कठीण. गच्चीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या टाकीला सुतळीने बांधलेल्या. दारातलं पायपुसणं खिळ्याला अडकवलेलं. वाळत घातलेल्या बनियनला इतके चिमटे की बनियन कमी आणि चिमटे जास्त दिसतात. स्कूटरवर काकांच्या टोपीची नाडी हनुवटीखाली असते, तान्ह्या बाळासारखी. कोणी हसलं की म्हणतात, "हसा, हसा. वाऱ्याला डोकं हाय बरं का. तुमी बेसावध कधी होता, तेच बघून राहिलेला असतो तो."

अशा माणसाने गच्चीवर मुद्दाम तंबू का ठोकावा?

त्याला कारण अभयदादा. काकांचा एकुलता एक मुलगा, कॅनडात असतो. तिथे थंडीत तळी गोठतात. लोक बर्फावर तंबू टाकतात, बर्फाला भोक पाडतात आणि आत स्टुलावर बसून गळ सोडतात. मागच्या थंडीत दादाने हे सगळं व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

काकू घाबरून म्हणाल्या, "आपल्यात मासे खात न्हाईत रे."

"खात नाही आई. पकडून परत सोडतो."

"मग धरतो कशाला?"

तेवढ्यात वारा आला, आणि तंबू दादासकट बर्फावरून घसरायला लागला. स्क्रीनवर आकाश दिसलं, मग एक बूट, मग पुन्हा आकाश. दादा हसत होता. काकूही हसल्या. काका मात्र हसले नाहीत.

फाल्गुनात चुलतबहिणीच्या लग्नाला दादा आला, तेव्हा काकांनी आधीच बजावून ठेवलं होतं: चॉकलेट नको, बदाम नको, तो तंबू आण. दादाने नवा घेतला होता, म्हणून जुना बॅगेत कोंबून आणला. लग्न झालं, दादा गेला, तंबू राहिला.

लालभडक तंबू. आतून भिंती ढकलल्या की फटकन फुगतो. त्याला तळ नाही, कारण खाली मासे असणार. कडेने झालर आहे, तिच्यावर बर्फ लोटायचा. आणि बर्फात पिळून बसवायचे स्क्रूसारखे लांब खिळे. आमच्या गच्चीवर बर्फ नाही, आणि स्लॅबला भोकं पाडू द्यायला काकू तयार नाहीत. म्हणून झालरीवर वाळूची पोती आली आणि दोर कठड्याच्या गजांना गेले.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे सोबतचं सूचनापत्रक वाचायचं काम माझ्याकडे आलं. वाऱ्याबद्दल त्यात एकच ओळ होती: जोराच्या वाऱ्यात तंबू उभारू नये.

"हे लिहिणारानं पंख्याखाली नोकरी केलेली दिसत न्हाई," काका म्हणाले.

मग भर वाऱ्यात तंबू टिकवायचे प्रयोग सुरू झाले. वैशाखात इथे दुपार कलली की धुळीचा वारा सुटतो. सगळी गल्ली खिडक्या लावून घेते. काका तेव्हा दोर घेऊन वर जायचे आणि मला हाक मारायचे. माझं काम व्हिडिओ काढायचं. "बाकीचे हसतात, मग फोन हलतो," असं त्यांनी मला निवडण्याचं कारण सांगितलं होतं. व्हिडिओची सुरुवात ठरलेली: काका टोपी घट्ट करतात, घसा साफ करतात आणि ऑफिसच्या आवाजात म्हणतात, "अभय, नमस्कार. आज आपण पश्चिमेकडचा कोपरा बघू."

एकदा त्यांनी मुख्य दोर पाण्याच्या पाइपला बांधला. तंबू जागचा हलला नाही, पाइप मात्र निघून आला. गच्चीभर पाणी. काकू वर आल्या, साडी उचलून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झालं तळं. आता धरा मासे."

मी सगळे व्हिडिओ दादाला पाठवायची. उत्तरात नेहमी एक अंगठा यायचा. काका चष्मा लावून तो अंगठा बघायचे. "आला न्हवं? म्हंजे बघितला त्यानं."

शेवयांच्या दिवशी मात्र तंबू फाटला. चाचींच्या नवऱ्याचं ऑटोच्या सीटांना रेक्झीन शिवायचं दुकान आहे. चाचींनी शेवया झटकत झटकतच तंबू दुकानात पाठवला, आणि तो काळ्या रेक्झीनचं ठिगळ आणि चार जादा रिंगा घेऊन परत आला. वर त्यांचं मतही आलं: "बच्चा तिकडं बरफमंदी, तुमी इकडं धुपात. दोघंबी सारखेच येडे."

त्या घटनेतून काकांना चूक सापडली. ते आधी तंबू फुगवायचे आणि मग बांधायचे. "उलटं करून राहिलो होतो मी! आधी वाऱ्याकडचा कोपरा बांधायचा, मगच तंबू उघडायचा." दुसऱ्या दिवशी एक कोपरा बांधला, समोरचा दोर मी धरला, काकांनी भिंती ढकलल्या. तंबू भर वाऱ्यात उभा राहिला! मला वाटलं, संपलं.

पण काका खूश नव्हते. "आता तू बाजूला हो. एकट्यानं जमतंय का बघू."

एकट्याने जमत नव्हतं. काकांनी दोर दातात धरून पाहिला. पायाखाली दाबून पाहिला. कमरेला गुंडाळून पाहिला, तेव्हा वाऱ्याने त्यांनाच कठड्यापर्यंत नेलं आणि काकू इतक्या ओरडल्या की चाचीसुद्धा वर आल्या. रोज तेच. हाताशी मी असताना हा हट्ट कशासाठी, हे मला कळेना. मी विचारलंही नाही. मला असं विचारता येत नाही.

काकूंनीच एकदा जिन्यात सांगितलं. "अभय तळ्यावर एकटाच जातो. लग्नाला आला तवा ह्यांनी विचारलं, संगं कोन असतं? तर म्हनला, सुट्टीच्या दिवशी कोन येतंय पप्पा, ज्याचं त्याचं घर असतं. थंडी यायच्या आत एकट्याची रीत सापडली पाहिजे म्हनतात."

परवा वारा फारच होता. काकांनी घसा साफ केला, नमस्कार केला, वाऱ्याकडचा कोपरा बांधला आणि तंबू उघडला. समोरचा दोर त्यांच्या मुठीतून सुटला. माझ्या एका हातात फोन होता. दुसऱ्याने मी दोर पकडला, आणि पाय रोवून उभी राहिले. तंबू थरथरला, मग सरळ झाला.

काका माझ्या मुठीकडे बघत राहिले. मग फोनकडे वळले, पण आवाज ऑफिसचा नव्हता.

"अभय, एकट्यानं होत न्हाई रे हे. लई करून बघितलं. हितं ही पोरगी हाय. तिकडं तुझा दुसरा दोर कोन धरतं?"

त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. धूळ गेली डोळ्यात, म्हणाले. मग मला म्हणाले, "बंद कर बेटा. हे शेवटचं काढून टाक. कामात असतो तो, उगं त्याच्या डोक्याला ताप."

एरवी मी मान हलवली असती.

"चालूच आहे, काका," मी म्हणाले. "पुन्हा विचारा. जरा मोठ्यानं, वाऱ्यात ऐकू गेलं नसेल."