हकीकत भाईंदरच्या खिडकीची व तीट लावलेल्या झबल्यांची

श्रीकुलस्वामिनी समर्थ. इन्स्टाग्राम-मुलखातील समस्त रयत, लाईक देणारे तैसेच फुकट बघून पुढे सरकणारे, या उभयतांसी विज्ञापना ऐसी जे, भाईंदर पश्चिमेस ओमकृपा सोसायटीचे तिसरे मजल्यावर एका खिडकीकारणे जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत सांगतो, चित्त देऊन ऐकावी. ऐकताना दुसरे व्हिडिओ पाहू नयेत.

ते समयी त्या मजल्यावर राजेश्री शशिकांतराव यांचा अंमल होता, ऐसे दारावरील पाटी सांगे. खरा अंमल त्यांच्या मातोश्री इंदुमतीबाईसाहेब यांचा. आणि हॉलमधील एकुलती एक उजेडाची खिडकी शशिकांतरावांचे कुटुंब नीलिमाबाईसाहेब यांचे जहागिरीत होती. तेथे त्यांची शिलाई मशीन, आणि तेथे बसोन त्या तान्ह्या बाळांची झबली, टोपडी, दुपटी शिवीत, आणि ऐसे मऊ काम अवघे भाईंदरात दुसऱ्या कोणाचे नाही, ऐसा बायामंडळात लौकिक होता. घरात मात्र या कामास 'टाइमपास' म्हणत. हा शब्द बाईंचे काळजास सुईसारखा टोचे.

मग काय जाहले, सोसायटीतील लेकीसुना बाळाची खरेदी फोनवरून करू लागल्या, आणि मशीन थंडावले. हे पाहोन शशिकांतरावांचे मनी हाव उपजली. मागे कलणारी, पाय उचलून धरणारी एक थोर आरामखुर्ची त्यांनी दुकानी हेरून ठेविली होती, आणि तीस जागा त्या खिडकीखेरीज नव्हती. मग भोजनसमयी तह ठरला, की दसऱ्यापावेतो धंद्याने डोके वर काढिले तर खिडकी बाईंची. न काढिले तर मशीन माळ्यावर रवाना होऊन खुर्चीची स्थापना व्हावी. बाई "ठीक आहे" म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी रावांचे वाटणीची पोळी मुद्दाम करपू दिली.

बाईंचे कुमकेस धाकटे दीर परागराव धावले. हे कोण्या कंपनीत डिजिटल की काय म्हणतात त्या खाती चाकरीस होते, आणि बोलण्यात मोठे वस्ताद. "वहिनी, आता सगळं रीलवर चालतंय. कंटेंट पाहिजे, कंटेंट!" ऐसी मसलत त्यांनी दिली. मग 'मऊ दुपटं' नामे पेज स्थापन जाहले, आणि गोल दिव्याची तोफ स्टुलावर चढली, आणि परागरावांनी फर्माविले, की बाईसाहेबांनी हवेत उजवीकडे बोट दाखवावे, म्हणजे तेथे अक्षरे उमटतील. बाईंनी दाखविले. अक्षरे डावीकडे उमटली, आणि बाई पंख्याकडे बोट करोन हसताना अवघ्या मुलखास दिसल्या. लाईक आले ते सारे माहेरचे, आणि एक शशिकांतरावांचे. तेही अंगठा चुकून लागल्याने गेले, ऐसा खुलासा रावांनी लागलीच केला.

याहून थोर संकट घरातून उठले. इंदुमतीबाईसाहेबांचा रिवाज ऐसा, की बाळाची वस्तू परक्याचे नजरेस पडण्याआधी तीस काजळाची तीट लागलीच पाहिजे. परागराव पेजकरिता झबल्यांचे फोटो काढू लागले, तेव्हा हे कोण कोण बघेल म्हणोन त्यांनी पुसले, आणि परागराव फुशारकीने बोलून गेले, की लाखो. झाले! मातोश्री ताडकन उठल्या.

"लाख लोकं बघणार, आणि तीट नाही? डोकं फिरलंय का तुमचं?" ऐसे गर्जोन त्या काजळाची डबी घेऊन झबल्यांचे फौजेवर चालून गेल्या, आणि एकेकाचे कोपऱ्यास ठसठशीत तीट ठेवीत सुटल्या.

मग फोटोंखाली मुलखाचे लोक लिहू लागले, की डाग आहे काय, आणि एकाने तर झुरळ आहे ऐसे छातीठोक लिहिले. तेव्हा परागरावांनी गुप्त मसलत केली, आणि फोनातले फोनात तीट पुसोन टाकू लागले, आणि मातोश्रींस पत्ता लागू दिला नाही. फोटो लख्ख जाहले, आणि ऑर्डरी येऊ लागल्या. नीलिमाबाईंचे मन आतून खाई, परंतु दसरा तोंडावर आला होता, म्हणोन त्यांनी ते चालू दिले.

येथेच घात जाहला. फोटोतील तीट पुसली, कापडावरील कोण पुसणार? मीरा रोडच्या नया नगरातील रुबीना नामे बाईंनी आपल्या लेकासाठी दुपटे मागविले होते. ते हाती येताच त्यांनी काळ्या ठिपक्याचा फोटो काढोन सर्वांसमक्ष डकविला आणि लिहिले, "मॅडम, फोटो में साफ और घर पे दाग? ये क्या तरीका है?" मग काय विचारता! पाहणारे गोळा जाहले, आणि ज्यांनी कधी रुमाल विकत घेतला नव्हता तेही फसवणूक, फसवणूक म्हणोन ओरडू लागले, आणि आलेल्या ऑर्डरी माघारी फिरल्या. परागरावांनी हुकूम सोडिला, की कमेंट उडवावी, बाईस ब्लॉक करावे. शशिकांतराव मापाची टेप आणोन खिडकीखालची जागा मोजू लागले.

नीलिमाबाईंनी ते मोजमाप पाहिले. मग सासूबाईंकडे पाहिले. त्या खिडकीत बसोन पुढल्या टोपड्यास तीट लावीत होत्या, आणि ती फिसकटू नये म्हणोन हलकेच फुंकर घालीत होत्या. 'सासूबाईंनी डाग पाडला' इतके लिहिले असते तर बाई सुटत होत्या. तो विचार मनी आला, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. मग त्यांनी गोल दिवा विझविला, फोन रिळांच्या डब्यास टेकविला, आणि कोठेही बोट न दाखविता बोलू लागल्या.

"रुबीनाताई, फोटो में से हमने मिटाया, वो हमारी गलती. चुकलंच ते. पण दुपट्यावर डाग नाहीये. ती माझ्या सासूबाईंनी लावलेली तीट आहे, नजर का टीका. ज्या बाळाला त्यांनी बघितलंपण नाही, त्याला कोणाची नजर लागू नये म्हणून लावलीये. धोने से जाएगा. नको असेल तर परत पाठवा, मी दुसरं शिवून देते. पण तेही तीट लावूनच येईल."

इतक्यात मागून मातोश्रींचा आवाज आला, "कोण गं रुबीना? बाळ बरं आहे ना तिचं? तिला म्हणावं, दुपटं सावलीत वाळव, उन्हात कडक होतं." परागरावांनी कपाळास हात लाविला, कारण ते बोलणेही व्हिडिओत गेले.

आणि नवल वर्तले. रुबीनाबाईंचा जबाब आला, "अरे, ये तो नजर का टीका है! पहले बोलना था ना. आंटी को सलाम बोलो, बच्चा ठीक है." मग रयत बाईंचे बाजूस उलटली, आणि तो व्हिडिओ नया नगर, मीरा रोड, भाईंदर पालथे घालीत उत्तनकडे गेला, आणि तेथील डोंगरीच्या एका आजीने आवाज पाठविला, "तीट न्हाय तं झबला नको!" ऑर्डरी ऐशा चालोन आल्या, की मशीनचे तेल संपले, आणि शशिकांतरावांची टेप पार्सले मोजण्याकामी रुजू जाहली, आणि राव स्वतः जमिनीवर मांडी घालोन खोक्यांस चिकटपट्टी लावू लागले. खुर्चीचा विषय त्यांनी आपण होऊन काढिला नाही.

दसऱ्याचे दिवशी मशीनला झेंडूची माळ चढली, आणि बाई लाईव्ह आल्या. तो मातोश्री डबी घेऊन आल्या. झबले पुढे करावे म्हणोन बाईंनी हात लांबविला, परंतु मातोश्रींनी झबल्याकडे पाहिले नाही. त्यांनी बोट काजळात बुडविले आणि सुनेचे कानामागे टेकविले.

"तुलापण लाख लोकं बघतायत," इतकेच बोलोन त्या वरणाला फोडणी घालण्यास निघून गेल्या.

बाई फोन विसरोन स्वयंपाकघराचे दाराकडे वळल्या. लाईव्हात कितीएक वेळ नुसती झेंडूची माळ दिसली, आणि नेट गेले की काय म्हणोन लोक पुसू लागले.

येणेप्रमाणे भाईंदरची खिडकी फत्ते जाहली, तह पाळिला गेला, आणि जहागीर नीलिमाबाईसाहेबांकडे कायम राहिली, ही नोंद सर्वांनी घ्यावी. 'टाइमपास' हा शब्द त्या मजल्यावरून हद्दपार करण्यात आला. आणि कानामागील तीट बाईंनी त्या दिवशी तोंड धुतानाही पुसू दिली नाही.