दोन मिलिमीटरने लांब बॅटरी

"आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका! माझी टॉर्च लावली की सूर्यसुद्धा रजेचा अर्ज टाकतो. ठमी पाताळात असली तरी शोधून काढतो!"

दातांच्या डॉक्टरांनी सासूबाईंना फोनवर छातीठोक सांगितलं आणि कपाटातून टॉर्च काढली. मनगटाएवढी जाड, काळीभोर आणि डॉक्टरांची भारी लाडकी! दवाखान्यात आलेल्या पेशंटला आधी ती दाखवली जायची. आ वासायला वेगळं सांगावं लागत नसे.

प्रसंग मात्र बाका होता. सासूबाईंची मांजरी, ठमी, सुताराच्या करवतीला घाबरून स्वयंपाकघरातल्या कपाटामागच्या पोकळीत शिरली होती. कालपासून बाहेर नाही, आणि आज सकाळपासून आवाजही नाही! सासूबाईंनी अन्नाला हात लावला नव्हता. लेक लग्न होऊन गेल्यापासून त्यांना घरात बोलायला ठमीच होती. सासरे होते, पण ते बोलत नसत. ते दिवसभर आपल्या टाकीतल्या माशांकडे बघत बसत.

आता गंमत अशी, की ऐन वेळी टॉर्चची बॅटरी उतरलेली निघाली. लोकांना दाखवून दाखवूनच तिचा जीव गेला होता. पण डॉक्टर डगमगले नाहीत. त्यांनी खणातून दुसरी, जास्त ताकदीची चार्जिंगची बॅटरी काढली.

"अहो, ही त्या टॉर्चची नाहीये," बायको म्हणाली. "जरा लांब दिसतेय."

"बॅटरी ती बॅटरी! जाडी तीच, व्होल्टेज तेच."

"आणि लांबी?"

"अगं, हिच्या बुडाला संरक्षणाचं सर्किट बसवलेलं असतं, म्हणून लांब. उलट जास्त सुरक्षित! आणि असून असून फरक किती? दोन मिलिमीटर! दोन मिलिमीटरने काय आभाळ कोसळतंय?"

हे कोण बोलत होतं? दाढेतलं सिमेंट केसभर उंच झालं तर पेशंटला दहादा 'चावा, पुन्हा चावा' म्हणणारा माणूस!

टॉर्चच्या बुडाचं झाकण अर्ध्यावर अडलं. डॉक्टरांनी अक्कलदाढ उपटताना लावतात तेवढा जोर लावला. कर्रर्र! आटे वाकडे चढले, पण झाकण बसलं एकदाचं.

"बघ! बसलं की नाही?"

बायको त्या वाकड्या झाकणाकडे बघत राहिली, आणि ते बघणं काही बरं नव्हतं.

सासुरवाडीला पोहोचताच डॉक्टर स्वयंपाकघरात पालथे पडले, पोकळीच्या तोंडाशी टॉर्च धरली आणि बटण दाबलं. अहाहा! काय तो उजेड! आतली कोळिष्टकं मोजून घ्यावीत! आणि अगदी टोकाला दोन हिरवे डोळे चमकले.

"आहे! आई, जिवंत आहे!"

सासूबाईंना रडूच फुटलं. पण एवढा उजेड अंगावर आल्यावर ठमी कशाला थांबते? "फिस्स्!" करून ती आणखी आत सरकली.

"जावईबापू, जरा मंद करा हो! डोळे जातील बिचारीचे!"

"करतो की!" डॉक्टरांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. छे! एकदा आत गेलेलं झाकणातलं बटण त्या लांब बॅटरीने असं अडकवून धरलं होतं, की उजेड कमी होईना आणि बंदही होईना.

"बंद करा मग!"

"होत नाहीये!"

"झाकण काढा!" बायको ओरडली.

"निघत नाहीये!"

निघणार कसं? आटे वाकडे! तोवर टॉर्च तापायला लागली. आधी कोमट, मग गरम, मग अशी की डॉक्टर तिला या हातातून त्या हातात उडवत स्वयंपाकघरभर नाचायला लागले. "आई गं! आई गं!"

"काय झालं जावईबापू?" सासूबाई धावल्या.

"तुम्हाला नाही! आई गं!"

"पाण्यात टाका!" बायको किंचाळली.

डॉक्टर बाहेरच्या खोलीत धावले. तिथे सासरे माशांना खायला घालायला टाकीचं झाकण उघडून उभे होते. डॉक्टरांनी मागचापुढचा विचार न करता टॉर्च टाकीत सोडली. डुबुक!

सगळे जागच्या जागी थिजले. टॉर्च तळाशी आडवी पडली, आणि तिचा झोत टाकीतून, दारातून, थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेला. त्या भिंतीवर मासे पोहायला लागले. बोटाएवढे मासे, सावल्या मात्र म्हशीएवढ्या!

पोकळीतून आधी मिशा आल्या. मग नाक. मग धुळीने माखलेली अख्खी ठमी! भिंतीवरच्या म्हशीएवढ्या माशाकडे बघत ती थेट सासूबाईंच्या पायांशी येऊन बसली. सासूबाईंनी तिला उचलून छातीशी धरलं.

टाकीत 'बुडबुड' झालं आणि टॉर्च विझली. वाकड्या झाकणातून पाणी शिरलं होतं. सासऱ्यांनी मासे निरखले. सगळे ठणठणीत. मग त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "छान दिसले." वर्षभरातलं बहुधा हे त्यांचं सगळ्यात मोठं भाषण होतं!

"केवढं डोकं जावयाचं!" सासूबाईंचे डोळे पाझरत होते. "माशांचं आमिष! मला सात जन्मांत सुचलं नसतं!"

"अहो आई, तसं नाही, ते खरं म्हणजे—"

"काही बोलू नका! हात बघू आधी." त्यांनी पोळलेल्या तळव्याला मलम लावलं, स्वतःच्या हाताने घास भरवले आणि स्वतःही पोटभर जेवल्या. डॉक्टरांना भरून आलं. टॉर्च गेली, पण त्यांना त्याचं फारसं वाईट वाटेना.

परतताना गाडी बायको चालवत होती. डॉक्टर 'मी सांगत नव्हते?' ची वाट बघत बसले होते. ते काही येईना. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"आईंसमोर लांबीबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. उपकार झाले गं तुझे!"

"कशी काढणार? इतकी खूश होती ती! आत्तापर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोन झालेसुद्धा." बायकोने गिअर बदलला. "मावशीचं कासव हरवलंय. उद्या बोलावलंय तुम्हाला."

"अगं, पण टॉर्च कुठंय आता?"

"टॉर्च नसली तरी चालेल म्हणाली. मासे तेवढे घेऊन या!"