सातशे एक पुस्तकं आणि दीडशे पावलं

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तीस वर्षं बैलांचे दात बघून वय सांगणाऱ्या सूर्यभान तात्यांना, मार्च महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, स्वतःची आध्यात्मिक उन्नती करून घेणं तातडीनं आवश्यक झालं. मुदत दोन महिन्यांची होती. सात मे रोजी त्यांच्या मुलीची, रुपालीची, हळद होती.

उन्नतीचा आणि हळदीचा संबंध असा. चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी वेशीतून कुणाची जोडी आधी जायची यावरून तात्यांचं धाकट्या भावाशी, कल्याणशी, वाजलं. तात्यांचा राग अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. त्यांनी सगळ्या गावासमोर कल्याणच्या बैलाच्या शिंगावरचा चकचकीत बेगड ओरबाडून काढला. बैलानं काही मनावर घेतलं नाही, कल्याणनं घेतलं. दोघांच्या घरांमध्ये दीडशे पावलांचं अंतर आहे, ते तेव्हापासून कुणी चाललं नव्हतं. आता रुपाली अडून बसली होती. लहानपणी याच काकाच्या खांद्यावर बसून तिनं सगळा बाजार बघितलेला.

"कल्याणकाका मांडवात दिसल्याबिगर मी हळद लावून घेनार न्हाई," ती म्हणाली.

"मंग आजच जाऊन बोलवा की," तात्यांच्या पत्नी लंकाबाई म्हणाल्या.

"आसं कसं जाऊ? त्याच्या दारात उभा ऱ्हायलो आन पुन्यांदा डोकं फिरलं तर? आधी मन शांत कराया पायजे. कायतरी चांगलं वाचाया पायजे."

चूक आपलीच होती, हे तात्यांना पुरतं माहीत होतं. तेच तर जड जात होतं. चूक कल्याणची असती तर ते केव्हाच मोठ्या मनानं जाऊन आले असते.

सल्ल्यासाठी ते आबासाहेबांकडे गेले. आबासाहेब एका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले, गावात वाचणारा माणूस म्हणून त्यांचा लौकिक. त्यांनी कपाटातून साठ पानांचं, कडा पिवळ्या पडलेलं एक छोटं पुस्तक काढलं आणि म्हणाले, "हे वाचा. पुरेल तुम्हाला."

तात्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं, पाठीवरून हात फिरवला, पानं फाकवून आत डोकावून पाहिलं. पण बाजारात शिरल्या शिरल्या पहिल्याच बैलाला हात घालणारा माणूस अडाणी समजतात, आणि तात्या काही अडाणी नव्हते.

"दुसरं काय हाय?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ऐकून आबासाहेबांमधला लिपिक सहा वर्षांच्या झोपेतून जागा झाला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "किमान तीन पर्याय मागवल्याशिवाय निवड करणं नियमात बसत नाही."

छोटं पुस्तक घरी येऊन भिंतीतल्या देवळीत पडलं. तात्यांनी मोबाईल हाती घेतला.

मोबाईलमध्ये तर बाजार उसळलेला होता. सात दिवसांत शांती, एकवीस दिवसांत वैराग्य, शेवटच्या तीन जागा. एका ठिकाणी 'मनःशांती देणारी ७०१ पुस्तकं, एकाच फाईलमध्ये' सापडली. ती उतरवताना फोननं कळवलं की जागा शिल्लक नाही, काय पुसू? तात्यांनी जुने फोटो पुसले. त्यात पोळ्याचे होते, आणि त्या पोळ्यांच्या फोटोंत कल्याण होता. शांतीसाठी एवढी जागा करून देणं भागच होतं.

मग त्यांनी एक ॲप घेतलं. ते रोज सकाळी सहाला शंख वाजवून विचारायचं, 'आज आपण कोणाला क्षमा केलीत?' खाली तीन पर्याय असत : एकाला, अनेकांना, सर्वांना. तात्या 'सर्वांना' दाबत आणि पन्नास गुण घेत. क्षमा मागितलीत का, असा प्रश्न त्या ॲपमध्ये नव्हता. पंधरवड्यात ते 'कनिष्ठ साधक' पदावरून 'वरिष्ठ साधक' पदावर गेले. त्या दिवशी शंखाच्या आवाजानं म्हैस बुजली आणि लंकाबाईंच्या हातची धार सांडली, तेव्हा तात्या म्हशीवर एवढे ओरडले की चार शेतं पलीकडचा माणूस चौकशी करायला आला. गुण मात्र कापले गेले नाहीत.

तात्यांकडे सातशे एक पुस्तकं आहेत ही बातमी पसरली, आणि लोक विचारायला येऊ लागले. दात बघून दोन दाती, चार दाती, जुळलेला असं वय बिनचूक सांगणारा माणूस पुस्तकाचंही सांगेल, असा लोकांचा साधा हिशेब होता. त्यातून 'आत्मोन्नती घोडेगाव पंचक्रोशी (अधिकृत)' हा मोबाईलवरचा ग्रुप निघाला. एप्रिल लागेपर्यंत सदस्य चारशे बारा झाले. अनधिकृत असं काही निघू नये म्हणून आबासाहेबांनी लगेच 'आध्यात्मिक साहित्य तपासणी व शिफारस समिती' स्थापन केली. अध्यक्ष तात्या, सचिव आबासाहेब.

समितीनं साहित्याचे चार वर्ग ठरवले : दुभतं, ओढकामाचं, भाकड आणि मारकं. जाडी, कागद, बांधणी आणि मुखपृष्ठावरच्या प्रकाशवलयाचा व्यास बघून दाखला मिळे. उगवत्या सूर्यापुढे मांडी घालून बसलेला माणूस असेल तर ते पुस्तक सरळ दुभत्यात जाई. पुस्तक वाचून बघायला सदस्यांना सक्त मनाई होती. वाचल्यानं मत तयार होतं, आणि मत तयार झालेला सदस्य निःपक्षपाती राहत नाही, असं आबासाहेबांनी परिपत्रक क्रमांक तीनमध्ये स्पष्ट केलं होतं. एका मास्तरांनी दोन प्रकरणं वाचल्याचं उघडकीला आलं. त्यांना हितसंबंधी ठरवून समितीतून वगळण्यात आलं.

या काळात लंकाबाई देवळीतलं छोटं पुस्तक घेऊन दुपारी दोन-दोन पानं वाचत होत्या. अक्षराला बोट लावून, ओठ हलवत, सावकाश. तात्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी ते पुस्तक 'वापरलेलं' म्हणून नोंदवहीतून कमी केलं.

"अहो, बैल घेताना औताला जुपून बघता ना?" लंकाबाई म्हणाल्या.

"बघतोच की. जुपल्याबिगर बैल कळतोय व्हय?"

"मंग ही सातशे जनावरं दारात बांधलीत, त्यातलं येक तरी कधी जुपनार?"

"तुला त्यातलं कळत न्हाई," तात्या शांतपणे म्हणाले. आपण शांतपणे बोललो हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचा अभिमान वाटला.

खरं तर कळत होतं ते सगळं तात्यांनाच. शुक्रवारच्या बाजारात असा एक जण हमखास येतो. तो सकाळपासून कासऱ्याचा दोर हातात धरून शंभर बैलांची तोंडं उघडतो, चाल बघतो, शेपूट बघतो, प्रत्येकात खोड काढतो आणि उन्हं कलली की रिकाम्या हातानं घरी जातो. बाजारात त्याला मान नाही. व्यापारी त्याला आदरानं एवढंच म्हणतात, "पाव्हनं, दात बघून झालं आसंल तर कासरा सोडा." तात्यांनी हे वाक्य तीस वर्षांत हजार वेळा तरी उच्चारलं असेल.

एप्रिलच्या शेवटी लग्नाच्या पत्रिकेचा विषय निघाला. अध्यक्षांच्या घरचं कार्य आणि चारशे बारा सदस्य हाताशी, तेव्हा कागद कशाला नासायचा? तात्यांनी पत्रिकेची सुंदर फाईल करून घेतली आणि सकाळी सव्वासहाला ग्रुपवर सोडली. दुपारपर्यंत तीनशे जणांनी हात जोडले. 'अप्रतिम', 'मन प्रसन्न झाले', 'असेच पाठवत जा', असे अभिप्राय पडले. आणि चार वाजता तात्या ओरडतच घरात आले.

"रुपाली! कल्यानानं हात जोडलं! हे बघ!"

खरंच कल्याणचे जोडलेले हात होते. तो ग्रुपमध्ये पहिल्यापासून होता आणि इतके दिवस दोन्ही भाऊ एकमेकांच्या सुविचारांना न चुकता हात जोडत होते.

"काकांनी वाचलं का पन, तात्या?" रुपालीनं विचारलं.

"आगं, वाचल्याबिगर कोन हात जोडंल?"

सकाळपासून तात्यांनी स्वतः एकशे चाळीस निरोपांना हात जोडले होते.

सात मेला सकाळी दारात मांडव, अंगणात पाट, वाटीत हळद आणि मोठ्या पातेल्यात तीनशे माणसांचा चहा तयार होता. नऊ वाजले, दहा वाजले. मांडवात लंकाबाई, रुपाली, तात्या, वाजंत्रीवाले आणि एक चुकून आलेला कुत्रा एवढेच होते. तात्यांनी आबासाहेबांना फोन लावला.

"हळद? कुणाची?" आबासाहेब म्हणाले. "थांबा, आवक नोंदवही बघतो. हां. एकोणतीस एप्रिल, 'रुपालीचा शुभविवाह'. वर्ग दुभतं. मुखपृष्ठ आकर्षक, पानं कमी, संग्रही ठेवण्याजोगं. दाखला दिलाय तात्या आपण. तुमचीच सही आहे."

तात्या खांबाला धरून खाली बसले. रुपाली हळदीची वाटी मांडीवर घेऊन पाटाशेजारी जमिनीवर बसली होती. पाटावर बसायला ती तयार नव्हती. ती रडत नव्हती, आणि तात्यांना तेच बघवेना. त्यांनी शांतीसाठी मोबाईल चाचपला. तो चार्जिंगला होता.

लंकाबाई जवळ आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "उठा. पायात घाला आन जावा."

तात्या निघाले. दीडशे पावलं होती. साठाव्या पावलाला चाल मंदावली, शंभराव्याला पाय मागे वळू बघत होते. माफी कशी मागावी याचे एकोणीस उत्तम उतारे त्यांनी जमवून ठेवले होते, ते सगळे मोबाईलसकट घरी भिंतीला टांगून होते.

कल्याण ओट्यावर बसला होता. चष्मा लावलेला, हातात मोबाईल. भावाला बघून तो उठून उभा राहिला.

"दादा? आरं, मीच येनार हुतो. लई दिसापासून येनार हुतो. फकस्त तेवढं क्षमेवरचं परकरन व्हायचं हाय."

"कितवं?"

"तिसरं. मधी दोन ॲप बदलले म्हनून पुन्यांदा पहिल्यापासनं..."

"कंचं ॲप? शंखाचं?"

"छ्या! घंटेचं. शंखाचं भाकड हाय दादा."

"भाकड? आरं, मी वरिष्ठ साधक हाय त्यात!"

"मी परमसाधक हाय, घंटेच्यात!"

दोघांचे आवाज चढले. वस्तीवरच्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच दोघं भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघून भांडत होते, आणि मध्येच तात्यांना दिसलं की कल्याणच्या मिशा पांढऱ्या झाल्यात. हे त्यांना माहीतच नव्हतं.

"कल्यान," ते म्हणाले, "त्यो बेगड मी ओरबाडला. चुकलं माझं."

कल्याणनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तो काढूनच ठेवला, कारण काही दिसेना.

"पोरगी कुठंय?" एवढंच तो म्हणाला, आणि तात्यांच्याही पुढे चालू लागला.

हळद अकराला लागली. मग दोघा भावांनी मोटारसायकलवर बसून घरोघर जाऊन, तोंडानं, लग्नाला या असं सांगितलं. तोंडी निमंत्रणाची फाईल नसल्यानं त्याला कुणी हात जोडू शकलं नाही. लोकांना यावंच लागलं.

लग्न पार पडल्यावर तात्यांनी लंकाबाईंना विचारलं, "त्या बारक्या पुस्तकात आसं काय लिव्हलं हाय गं?"

"पहिल्याच पानावर हाय. ज्याला दुखावलं आसंल त्याला आधी भेटून या, मंग पुढचं वाचा."

"आन पुढं?"

"पुढं बी चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमी आत्ता कुठं पहिलं पान वाचलंय."

आबासाहेबांनी ही सगळी हकीगत लिहून ग्रुपवर टाकली. तिला चारशे दहा जणांनी हात जोडले. दोघे भाऊ तेवढे ग्रुपमधून बाहेर पडले होते. तीच हकीगत तुम्ही आत्ता वाचलीत. बरी वाटली असेल, तर कुणाला पाठवावी याचा विचारही मनात आला असेल, आणि ज्याला पाठवायची तो बहुधा दीडशे पावलांवरच राहत असेल. काही हरकत नाही. फक्त पाव्हनं, दात बघून झालं आसंल तर कासरा सोडा.